पूरग्रस्तांना मदत: मुख्यमंत्री निधी, संस्था की कपडे?

प्रश्न: सांगली-कोल्हापूर भागातल्या पूरग्रस्तांसाठी ५,००० रुपये आणि दोन पोती जुने कपडे द्यायचे आहेत. मुख्यमंत्री सहायता निधीत द्यावं की एखाद्या संस्थेला? अमेरिकेतल्या भावालाही मदत करायची आहे.

उत्तर:

कपडे पाठवू नका. ‘पैसे दिले की मधले खातात, वस्तू मात्र थेट हातात पडते’ हे प्रत्येक पुरात ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला. अशा वेळी जी वाट उघडेल तिच्यावरून आधी पिण्याचं पाणी, औषधं आणि डिझेल जायला हवं. न निवडलेलं पोतं आलं की कपडे वेगळे करण्यात माणसं गुंततात आणि गावात उरलेली कोरडी खोली भरून जाते. साड्या येतात, परकर येत नाहीत. चूल पेटायची सोय नसताना तांदूळ येतो. पाणी ओसरल्यावर खरी गरज असते फावडी, घमेली, गमबूट आणि ब्लीचिंग पावडरची, कारण अनवाणी चिखल उपसला की लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका. हे सगळं जवळच्या, पूर न आलेल्या बाजारात मिळतं. फक्त हातात पैसा लागतो.

आता निधी की संस्था. घराची, पिकाची सरकारी मदत पंचनाम्यावरून, मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते. मुख्यमंत्री निधी वेगळा. त्यातून गरीब रुग्णांच्या उपचारांनाही पैसे जातात. तिथे देण्यात गैर काही नाही. पण पिकाच्या भरपाईला सातबारा लागतो. शेतमजुराकडे आणि वाट्यानं शेती करणाऱ्याकडे तो नसतो, बुडालेली मजुरी तर सहसा कुणी भरून देत नाही. या माणसांपर्यंत पोचते ती त्या तालुक्यात पुराच्या आधीपासून काम करणारी संस्था. तिला फोन करून एकच विचारा: लाभार्थ्यांची यादी कोण करतं, कशावरून? उत्तर गोलमाल आलं तर दुसरी संस्था बघा. आणि आत्ता २,००० द्या, उरलेले ३,००० महिन्याभरानं. बातम्या थांबल्या की देणग्याही आटतात, पण वह्या-पुस्तकं, शिलाई मशीन, शेळ्या यांचा खर्च तेव्हाच सुरू होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर स्कॅन करू नका. २०२०मध्ये पीएम केअर्सच्या नावाचे खोटे यूपीआय आयडी निघाले होते. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर ट्रस्टचं नाव दिसलं पाहिजे. कार्यकर्त्याचं दिसलं तर थांबा.

करसवलत हवी असेल तर: ती जुन्या करप्रणालीतच मिळते, २,०००च्या वर रोख दिल्यास नाही, वस्तूंवर तर नाहीच. मुख्यमंत्री निधीला १०० टक्के वजावट, बहुतेक संस्थांना ५०. पॅन द्यायला विसरू नका.

भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तो आपल्या बचतीतून, बँकेमार्फत कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला देऊ शकतो. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती विदेशी देणगी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांबाबतचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच गेले पाहिजेत. त्यानं तुमच्या खात्यात पाठवून तुम्ही पुढे द्यायचे, असं करू नका. अडचणीत संस्था येते.