‘हेटरोडॉक्स’ अर्थशास्त्राला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : भाषांतरात ‘हेटरोडॉक्स इकॉनॉमिक्स’साठी, म्हणजे अर्थशास्त्राच्या मुख्य, सर्वमान्य प्रवाहाबाहेरच्या विचारांसाठी, ‘अपारंपरिक अर्थशास्त्र’ असे लिहिले होते. तपासणाऱ्याने ते खोडून ‘पाखंडी अर्थशास्त्र’ केले. बरोबर कोणते?

माझ्या मते दोन्ही नाहीत. पण तपासणाऱ्याची चूक अधिक रंजक आहे, म्हणून आधी तिच्याकडे.

मूळ शब्द ग्रीक. ‘डोक्सा’ म्हणजे मत, ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ‘हेतेरोस’ म्हणजे दोहोंतला दुसरा. (‘हेतेरोस’मधले ‘-तेरोस’ आणि आपल्या ‘इतर’मधले ‘-तर’ ही एकाच घराण्यातली.) ऑर्थोडॉक्स आणि हेटरोडॉक्स ही जोडी चर्चच्या वादांत वाढली, त्यामुळे तिला धर्माचा वास आहेच, आणि ‘पाखंडी’ सुचणे स्वाभाविक आहे. अशोकाच्या लेखांत तर ‘पासंड’ (‘पाखंड’चे जुने रूप) म्हणजे नुसता पंथ. बाराव्या शिलालेखात तो सगळ्याच पासंडांचा मान राखायला सांगतो. पण तो अर्थ कधीच नासला. आज पाखंडी म्हणजे ढोंगी. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३४च्या एका रेडिओ भाषणात स्वतःला पाखंड्यांच्या पंगतीत बसवले होते खरे, पण स्वतःला पाखंडी म्हणवणे वेगळे आणि भाषांतरकाराने दुसऱ्याच्या कपाळी तो शिक्का मारणे वेगळे.

‘अपारंपरिक’ची अडचण उलटी आहे. या मंडळींना परंपरा भरपूर आहे. मार्क्सवादी आहेत, संस्थावादी (अर्थव्यवहार समाजातल्या संस्था आणि रूढींतून घडतो म्हणणारे) आहेत, ऑस्ट्रियन संप्रदायाचे आहेत. ‘निओक्लासिकल’ हे मुख्य प्रवाहाचे नावच १९००मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेनने, म्हणजे संस्थावाद्यांच्या मूळपुरुषाने, टीका करताना वापरात आणले. शिवाय २००८नंतर मध्यवर्ती बँकांनी रोख्यांची प्रचंड खरेदी केली, तिला ‘अपारंपरिक चलनविषयक धोरण’ म्हणतात. ते धोरण मुख्य प्रवाहातल्याच लोकांनी आखले. वाचकाचा घोटाळा अटळ आहे.

ऑर्थोडॉक्सला ‘सनातनी’ म्हणून जोडी जमवावी, तर तिथेही पाचर आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘सनातनपंथी’ हा शब्द ‘क्लासिकल’साठी, म्हणजे अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो या जुन्या अर्थशास्त्रज्ञांसाठी, केव्हाच राखून ठेवला आहे. आणि रिकार्डोच्या विचारांचे पुनरुज्जीवन करणारा अर्थशास्त्रज्ञ स्राफा मुख्य प्रवाहाचा कट्टर टीकाकार. म्हणजे सनातनपंथाकडे परतणारा माणूस सनातनी नाही!

मग आत कोण, बाहेर कोण, हे ठरवायचे कशावर? इथे दर्शनांतला ‘नास्तिक’ मदतीला येतो. तिथे नास्तिक म्हणजे वेदप्रामाण्य नाकारणारा. जगाचा कर्ता ईश्वर न मानूनही सांख्य आस्तिकच. अर्थशास्त्रातही नुसत्या टीकेने कुणी बाहेर जात नाही. माणसे हिशेबीपणे निवड करत नाहीत हे दाखवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमनला २००२चे नोबेल मिळाले. कारण चूक मोजायची पट्टी जुनीच राहिली : आदर्श हिशेबी माणूस.

अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सनने पट्टीवरच बोट ठेवले, आणि तेही एका शब्दाच्या निमित्ताने : भांडवल. मराठीतही आपण धंद्यात घातलेल्या पैशाला भांडवल म्हणतो आणि यंत्रसामग्रीलाही. मुख्य प्रवाहाचा सिद्धान्त सांगतो की भांडवलाचे प्रमाण आणि त्याची उत्पादकता यांवरून नफ्याचा दर ठरतो. रॉबिन्सनने १९५३-५४च्या लेखात विचारले, हे प्रमाण कोणत्या एककात मोजता? माग, क्रेन आणि भट्टी यांची बेरीज नगांत होत नाही, किमतीतच होते. पण यंत्राची किंमत काढायला नफ्याचा दर आधी ठाऊक हवा, आणि तोच तर शोधायचा होता. वाद बारा-तेरा वर्षे चालला. १९६६मध्ये मुख्य प्रवाहाच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसनने कबूल केले की व्याजदर उतरला की अधिक भांडवल लागणारे उत्पादनतंत्र निवडले जाते, ही सोपी कथा सर्वत्र लागू पडत नाही. पाठ्यपुस्तकांत मात्र ती कथा अजून सुखाने नांदते आहे.

तर शब्द. ‘पर्यायी’ म्हटले की तयार पर्याय हाती असल्याचा भास होतो. ‘बंडखोर’ म्हटले की तिकीट न मिळालेला उमेदवार आठवतो. माझी पसंती ‘प्रवाहेतर’ला. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ आपण रोज म्हणतो. त्यात लिपिक येतो, शिपाई येतो, प्रयोगशाळेतला मदतनीस येतो. शिक्षक नसणे एवढेच त्यांच्यात समान. प्रवाहेतरांचेही तसेच. बाजारात सरकारने हात घालू नये म्हणणारे ऑस्ट्रियन आणि सरकारी खर्चावाचून रोजगार सावरत नाही म्हणणारे उत्तर-केन्सवादी या एका शब्दाखाली मावतात, एरवी एका खोलीत मावणार नाहीत. शिवाय ‘इतर’ आल्यामुळे ‘हेतेरोस’शी लांबचे नातेही जपले जाते, हा माझा खासगी आनंद.

‘भिन्नमतवादी’ही चालेल, पण एखादाच माणूस वेगळे बोलतो आहे असे त्यातून वाटते. संपूर्ण संप्रदाय त्यात दिसत नाहीत.

तुमच्या मजकुरात पहिल्या वेळी ‘मुख्य प्रवाहाबाहेरचे, म्हणजे प्रवाहेतर, अर्थशास्त्र’ असे लिहा, पुढे नुसते प्रवाहेतर. आणि मूळ लेखक जर एकाच संप्रदायाबद्दल बोलत असेल, तर हा शब्द गाळून सरळ त्या संप्रदायाचे नाव घाला.