आहेरातून कर्ज फिटत नाही

प्रश्न थोडक्यात असा. वाचक 29 वर्षांच्या, पगार हातात 70 हजार. होणारा नवरा 31, पगार 85 हजार. तीन वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला ओळख झाली, वर्षभराने घरी सांगितलं, गेल्या महिन्यात साखरपुडा झाला. लग्न आठ महिन्यांवर. खर्चाचा अंदाज 18 लाख, हाताशी 6. उरलेल्या 12 लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावं की त्यांचे स्वतःचे 9 लाखांचे म्युच्युअल फंड मोडावेत?

दोन्ही नको. 12 लाख, 14 टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता 28 हजार आणि व्याज पावणेपाच लाख. “आहेरात सात-आठ लाख जमतील, त्यातून फेडू” असं सासरे म्हणतात. तुम्हीच पाठवलेल्या पत्रिकेच्या मसुद्यात तळाला छापलंय, ‘आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर’. ताई, आहेर घ्यायचा की नाही, आधी ते ठरवा. गडावर पावसात भिजत पिठलं-भाकरी खाताना जे जुळलं, त्याच गडावर सव्वा लाखाचं प्री-वेडिंग शूट कशाला? आठ लाखांत बसेल तेवढं लग्न करा. सहा आहेत, दोन कुठून येतील ते पुढे सांगतो.

पण माझी झोप उडवली ती तुमच्या पत्रातल्या एका ओळीने. “फ्लॅटच्या हप्त्याला मी 25 हजार देते, म्हणून बचत कमी होते.” स्टेटमेंट पाहिलं. चौदा महिने, चौदा नोंदी, प्रत्येकीपुढे ‘आपलं घर’. त्याआधी एफडी मोडून दिलेले 4 लाख. एकूण साडेसात लाख. आणि इंडेक्स टूवर, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव एकच, त्याचं. कर्जही त्याच्या एकट्याचं.

त्याच्यावर शंका घेत नाही. मुलगा चांगलाच असेल. पण उद्या त्याचं काही बरं-वाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने फ्लॅट त्याच्या आईकडे जाईल. तुमच्या चौदा नोंदींना तिथे कुणी विचारणार नाही. जुन्या करपद्धतीत व्याजावर मिळणारी 2 लाखांपर्यंतची वजावटही तुम्हाला नाही, कारण तुम्ही ना मालक, ना कर्जदार. शिवाय आयकराच्या लेखी वाग्दत्त वधू ही ‘नातेवाईक’ नव्हे. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात 50 हजारांवर आलेली भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे नोटीस आलीच तर त्याला येईल.

म्हणून पुढच्या महिन्यापासून हे 25 हजार थांबवा. आठ महिन्यांचे 2 लाख झाले, लग्नाला तेच वापरा. पगारातून 48 हजारांचा हप्ता त्याला एकट्याला जड जाईल, पण तो सध्या भावाकडे राहतो, निभेल. नाही निभला तर फ्लॅट झेपण्यापेक्षा मोठा घेतलाय, हे लग्नाआधी कळलेलं बरं. दिलेले साडेसात लाख उसने आहेत, असं साध्या कागदावर त्याच्या सहीने लिहून घ्या. पैसे बँकेतून गेलेत, पुरावा आहे.

फ्लॅटवर तुमचं नाव लग्नानंतर चढवा, आधी नको. ताबा मिळालेलं निवासी घर महाराष्ट्रात पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये; महापालिका हद्दीत एखादा टक्का अधिभार वेगळा. लग्नाआधी केलंत तर पूर्ण शुल्क. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला आधी, मग बँकेची ना-हरकत, मग निम्म्या हिश्शाचं बक्षीसपत्र. हनिमूनहून आल्यावर पहिलं काम हेच.

आता मामा. साखरपुड्याच्या आनंदात त्याच्या मामांनी दोघांच्या गळ्यात एकेक पॉलिसी मारली आहे. वर्षाला 60 हजार, बारा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी 14 लाख घ्यायचे. 7 लाख 20 हजारांचे 14 लाख ऐकायला दुप्पट वाटतात, परतावा पडतो वर्षाला पाच टक्क्यांच्या आत. विमा म्हणाल तर नावापुरता. होणाऱ्या नवऱ्यासाठी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ विमा, वर्षाला साधारण 12 ते 15 हजारांत येतो. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, कारण मात्र लेखी द्या. तुमचे अठरा दिवस गेलेत, बारा उरलेत. मामा रुसतील. लग्नाला येतील.