मृत्यूनंतरचा संभ्रम: स्पिरिटिझम वाचायला घेतलेल्या तरुण अभ्यासकाला पत्र

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा आराखडा मिळाला. स्पिरिटिझम, म्हणजे मृतांच्या आत्म्यांशी संवाद होतो असं मानणारं, फ्रान्समध्ये आलाँ कार्देकने मांडलेलं मत. त्यातली मृत्यूची आणि परलोकाची कल्पना मराठी वाचकापुढे मांडायची, हा विषय चांगला आहे. पण तू सुरुवात केलीस प्लँचेटने, मग भुतं, मग पुनर्जन्म, आणि खुद्द मृत्यूची पाळी आली शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. हा क्रम उलटा कर. या मतात माणूस मरतो म्हणजे नेमकं काय होतं हे आधी पक्कं कळलं, तर बाकीचं आपोआप जागेवर बसतं. ते कळलं नाही, तर लेखाची भुताखेतांची पुरवणी होते.

आलाँ कार्देकची ओळख एका परिच्छेदात उरक. खरं नाव हिप्पोलीत लेओं देनिझार रिव्हाय, जन्म १८०४ लियाँ, मृत्यू १८६९ पॅरिस. स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत शिकलेला, स्वतः शिक्षक, पाठ्यपुस्तकं लिहिणारा. हा तपशील गाळू नकोस. ‘आत्म्यांचं पुस्तक’ हा त्याचा मुख्य ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात का आहे, प्रत्येक उत्तराला क्रमांक का आहे, हे त्या शिक्षकी पेशातूनच येतं. पहिली आवृत्ती १८ एप्रिल १८५७ची, तिच्यात ५०१ प्रश्न. १८६०च्या दुसऱ्या आवृत्तीत ते हजारावर गेले, आणि आज सगळीकडे चालतात ते याच आवृत्तीचे क्रमांक. जुन्या लेखातला क्रमांक आजच्या प्रतीत जुळला नाही, तर आधी आवृत्ती बघ.

वाचन १४९ ते १६५ या प्रश्नांपासून सुरू कर. सतराच प्रश्न आहेत, एका बैठकीत होतात, पण तीनदा वाच. त्यांत मांडलेलं असं: माणसात तीन गोष्टी असतात. देह, आत्मा, आणि दोघांना जोडणारं अर्धभौतिक आवरण, ज्याला कार्देक पेरिस्पिरिट म्हणतो. मरताना आत्मा हे आवरण घेऊनच निघतो, म्हणून पलीकडेही त्याला रूप असतं, ओळख असते. देहाशी असलेली या आवरणाची बंधनं सुटणं म्हणजे मृत्यू. आणि ती एका क्षणात सुटत नाहीत. १५५व्या प्रश्नाच्या उत्तरात स्पष्ट म्हटलंय की पिंजरा उघडल्यावर पाखरू भुर्रकन उडावं तसा आत्मा निघत नाही, तो हळूहळू मोकळा होतो. आपण ‘प्राणपाखरू उडालं’ म्हणतो. कार्देक नेमकी तीच प्रतिमा समोर घेतो आणि नाकारतो. तुझ्या लेखाचा पहिला परिच्छेद मला इथे दिसतो.

सुटायला वेळ किती लागतो? याचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीसारखं मिळत नाही, पण कारणं मिळतात. जन्मभर बुद्धीने आणि मनाने जगलेल्या माणसाचं सुटणं मरणाआधीच सुरू झालेलं असतं. सगळा जीव खाण्यापिण्यात, पैशात, देहाच्या सुखात अडकवलेल्याचं चिवट राहतं. ‘स्वर्ग आणि नरक’ या १८६५च्या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात, कार्देक चार शक्यता मांडतो. शरीर थांबतं त्या क्षणी आवरण पूर्ण सुटलेलं असेल तर आत्म्याला काहीच जाणवत नाही. ते घट्ट चिकटलेलं असेल तर ओढाताण होते. चिकटपणा कमी असेल तर सहज सुटतं. आणि शरीर पूर्ण थांबल्यावरही दोघांत बरेच धागे उरले असतील, तर देहाच्या विघटनाचे परिणाम आत्म्याला जाणवू शकतात. पुढे जी ‘सुखी’, ‘दुःखी’, ‘पश्चात्तापी’ आत्म्यांची निवेदनं येतात, ती सगळी या चार शक्यतांचीच उदाहरणं. लोक हे प्रकरण वगळून थेट निवेदनांवर उडी मारतात, आणि मग ग्रंथ त्यांना नुसता भयकथांचा संग्रह वाटतो.

आता संभ्रम. तुझ्या आराखड्यात याला एक ओळ आहे. निदान दोन परिच्छेद दे. शुद्ध येताना माणूस जसा अर्धवट भानात असतो, तशी अवस्था मृत्यूनंतर जवळजवळ प्रत्येकाला येते. कुणाची काही तासांत सरते, कुणाची महिन्यांत, कुणाची वर्षांनी. १६५व्या प्रश्नाखाली कार्देकची लांब टीप आहे. अपघाती किंवा अचानक मृत्यूत आत्मा चकित होतो आणि आपण मेलो हे मानायलाच तयार होत नाही. समोर आपला देह पडलेला दिसतो, तो आपलाच हेही कळतं, पण आपण त्याच्याबाहेर आहोत हे उमगत नाही. जवळच्या माणसांपाशी जातो, बोलतो, आणि ती उत्तर का देत नाहीत हे त्याला समजत नाही. आजारी असूनही मरणाचा विचार ज्याने कधी केलाच नाही, त्याचीही हीच गत. तो स्वतःच्या अंत्ययात्रेत परक्याच्या यात्रेत चालावं तसा चालतो.

इथे एक चूक हमखास होते. ‘स्पिरिटिझमचं ज्ञान असलं की संभ्रम टळतो’ असं लिहिलं जातं. त्या ज्ञानाचा उपयोग होतो असं ग्रंथ म्हणतो, कारण आपल्याला काय होतंय हे माणसाला ओळखू येतं. पण त्याच उत्तरात सदाचरण आणि स्वच्छ मन यांचा वाटा सर्वांत मोठा सांगितला आहे. अर्धं वाक्य उद्धृत करून पंथाचा प्रचार करू नकोस.

टिपणं काढताना वहीच्या पानाला तीन रकाने पाड. पहिल्यात अवतरणचिन्हांतलं उत्तर, म्हणजे या मतानुसार आत्म्यांनी दिलेलं. दुसऱ्यात त्याखालची कार्देकची स्वतःची टीप. तिसऱ्यात, हे मत पुढे ब्राझीलमध्ये रुजलं, तिथल्या नंतरच्या लेखनात आलेलं. हे रकाने मिसळले की घोटाळा होतो. उदाहरणार्थ ‘उंब्राल’, म्हणजे पृथ्वीलगतचा तो काळोखा प्रदेश: तू तो कार्देकच्या नावावर टाकला आहेस. कार्देककडे तो नाही. त्याच्याकडे स्वर्ग-नरक या जागाच नाहीत, त्या मनाच्या अवस्था आहेत (प्रश्न १०१२). उंब्राल प्रसिद्ध झाला शिको शाव्हिएर (१९१०–२००२) या ब्राझिलियन मीडियमच्या, म्हणजे आत्म्यांचे निरोप पोचवणाऱ्याच्या, लेखनातून, मुख्यतः १९४४च्या ‘नोस्सो लार’ या पुस्तकामुळे. त्यातला निवेदक आंद्रे लुईस हा मृत डॉक्टर. तो अनेक वर्षं तिथे भटकतो, मग त्याला एका वसाहतीत नेतात, जिथे इस्पितळ आहे, सहा मंत्रालयं आहेत, केलेल्या कामाचे तास मोजले जातात. तिथे त्याला सांगितलं जातं की तू आत्मघातकी आहेस, कारण जन्मभर शरीराची हेळसांड केलीस. वाचायला रंजक आहे, पण हा दुसरा थर आहे. दोन्ही थर दाखव, फक्त सांधा झाकू नकोस.

मराठी वाचकाच्या मनात हिंदू कल्पना आधीच बसलेल्या असतात, त्यामुळे साम्य भराभर दिसतं आणि फरक निसटतात. पुनर्जन्म दोन्हीकडे आहे, पण इथे माणूस कधीही प्राण्याच्या योनीत जात नाही. आत्मा थांबू शकतो, मागे जाऊ शकत नाही. आत्म्यांच्या तीन श्रेणी आणि दहा वर्ग मानले आहेत, सर्वांत वरच्या वर्गाला पुन्हा देह घ्यावा लागत नाही. पण तो मोक्ष नव्हे. थेंब सागरात विरतो ही कल्पना कार्देक साफ नाकारतो. व्यक्तित्व शेवटपर्यंत टिकतं. अद्वैतावर वाढलेल्या वाचकाला हे खटकेल, आणि खटकू दे. दहावा, बारावा, तेरावा असा हिशेबही इथे नाही. दोन जन्मांमधला काळ काही तासांपासून हजारो शतकांपर्यंत असू शकतो (प्रश्न २२४). कर्मफळाबद्दल ‘केलं तसं भोगलं’ एवढ्यावर सोडू नकोस: पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि भरपाई या तीन पायऱ्या आहेत, आणि भरपाईशिवाय पहिल्या दोन पुरत नाहीत.

पिंडदान, श्राद्ध, मेणबत्त्या, थडगं यांना या मतात स्वतःचं बळ नाही. बळ आहे ते आठवणीला आणि प्रार्थनेला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आत्मे थडग्यांपाशी जमतात का, या प्रश्नाला उत्तर आहे की विचाराने बोलावलं की ते येतात, त्या दिवशी तसेच इतर दिवशीही. आत्मा आपल्या अंत्यसंस्काराला असतो का? बऱ्याचदा असतो. आणि वारसांच्या बैठकीला? जवळजवळ नेहमीच (प्रश्न ३२८). कोण किती खरं प्रेम करत होतं हे त्याला तिथे कळतं. वाटण्यांचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न विशेष आवडेल.

अग्निसंस्काराबद्दल तुला विचारतीलच. ब्राझीलच्या स्पिरिटिस्ट वर्तुळांत दहनाआधी ७२ तास थांबावं असं सांगतात, म्हणजे उरलेले धागे सुटायला वेळ मिळतो. हा आकडा कार्देकच्या ग्रंथांतला नाही, शिको शाव्हिएरच्या परंपरेतला आहे. आपल्याकडे बहुतेकदा त्याच दिवशी अग्नी देतात. हे वाचून एखाद्या घरात ‘आपण घाई केली का’ अशी टोचणी लागू शकते. म्हणून आकडा देशील तिथेच हेही लिही की सुटण्याचा वेग मुख्यतः माणसाच्या जगण्यावर ठरतो असंच मूळ मत आहे.

आत्महत्येचा भाग सर्वांत जपून लिही. ‘स्वर्ग आणि नरक’मध्ये त्यावर आख्खं प्रकरण आहे आणि त्यातली वर्णनं भीषण आहेत. ती उतरवू नकोस. ९५७वा प्रश्न सांगतो की परिणाम सगळ्यांना सारखे नसतात, ठरलेली शिक्षा नाही, आणि ९४४व्यात म्हटलंय की भान हरपलेल्या माणसाला आपण काय करतोय हे कळत नसतं. एवढं पुरे. ज्या घरात असं घडलंय तिथल्या कुणी तुला गाठलं, तर पुस्तक बाजूला ठेव आणि त्यांचं ऐकून घे. ९३६वा प्रश्न मात्र सांगायला हरकत नाही: मागे राहिलेल्यांची आठवण गेलेल्याला सुखावते, न थांबणारा आक्रोश त्याला त्रास देतो.

प्लँचेटला आता ये, आणि थोडक्यात ये. वसतिगृहात वाटी पालथी घालून तिच्यावर बोटं ठेवणं म्हणजे स्पिरिटिझम नव्हे. पॅरिसमध्ये सुरुवातीला पेन्सिल बांधलेली टोपली वापरत, मग चाकांची फळी आली, मग मीडियम सरळ हाताने लिहू लागले. याच काळात, १८५३मध्ये, मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने अशा बैठकांत हातांखालची टेबलं का फिरतात ते तपासलं. त्याने टेबलावर पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले आणि लोकांना हात ठेवायला लावले. वरचे थर आधी सरकले होते, म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हतं, हातच टेबलाला ढकलत होते, आणि तेही ढकलणाऱ्याच्या नकळत. हा प्रयोग लेखात हवाच. कार्देकलाही फसवणुकीचं भान होतं. ‘मीडियमांचं पुस्तक’ (१८६१) मध्ये खोटी सही करणारे, थोरांची नावं घेणारे, थट्टेखोर आत्मे यांच्यावर पानंच्या पानं आहेत, आणि एक खोटं स्वीकारण्यापेक्षा दहा सत्यं नाकारलेली बरी, असा दंडकही. पण ‘थट्टेखोर आत्मा होता’ हे स्पष्टीकरण प्रत्येक चुकलेल्या उत्तराला लावता येतं, आणि तिथेच या पद्धतीचं पाणी मुरतं. हे तू लिहावंस असं मला वाटतं. श्रद्धावंत रागावतील, रागावू देत.

ब्राझीलला जाण्याची संधी मिळाली तर स्पिरिटिस्ट केंद्रात काय बघायचं ते सांगतो. साधी खोली, खुर्च्या, टेबल. पुरोहित नाही, वेश नाही, धूप नाही, दक्षिणा नाही. कुणी पैसे मागितले तर ते केंद्र या मताच्या नियमात बसत नाही. आधी व्याख्यान, मग ‘पासे’, म्हणजे हात न लावता अंगावरून हात फिरवणं, मग भारलेलं पाणी. मीडियमच्या बैठका बंद दाराआड होतात, पाहुण्याला प्रवेश मागू नये. आपल्या मृताचा निरोप मागणं तर अजिबात नको. निरोप तिकडून स्वतःहून आला तरच घ्यायचा, अशी रीत आहे. ढोल, गाणी, मेणबत्त्या, नैवेद्य दिसले तर तू बहुधा उंबांडाच्या घरी आहेस. तो वेगळा धर्म आहे, दोघांना एकत्र करू नकोस. २०१०च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये स्पिरिटिस्ट म्हणवणारे सुमारे ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २ टक्के होते. केंद्रांत जाणारे पण स्वतःला कॅथलिक म्हणवणारे त्यात धरलेले नाहीत.

फ्रेंच येत नसेल तर ‘आत्म्यांच्या पुस्तका’चं अ‍ॅना ब्लॅकवेलने केलेलं १८७५चं इंग्रजी भाषांतर चालेल, पण ज्या उत्तराचा थेट उतारा देशील ते मूळ फ्रेंचशी ताडून घे. आधी १४९ ते १६५ची तीन रकान्यांची टिपणं पाठव, ‘स्वर्ग आणि नरक’ला त्यानंतरच हात घाल. लेखाचा नवा मसुदा त्यापुढे बघू.

तुझा,
एक जुना वाचक