सगळी वृक्षनेची (ट्री फर्न) सारखीच दिसतात, ओळखायची कशी?

प्रश्न: कोस्टा रिकात मोन्तेवेर्देच्या जंगलात फिरताना वृक्षनेच्यांचे भरपूर फोटो काढले, पण घरी येऊन बघतोय तर सगळी एकसारखीच! खोड उंच, वर पानांची छत्री. नाव निदान प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) तरी लावता येईल का?

उत्तर: येईल, पण छत्रीच्या फोटोवरून नाही. सगळे जण तोच फोटो काढतात आणि अडकतात. नाव लपलेलं असतं पानाच्या देठाच्या बुडाशी, अगदी कोवळ्या गुंडाळलेल्या पानावर. तिथे भिंग लावून बघा, मऊ केस आहेत की चपटे खवले? नुसते केस असतील तर ते डिक्सोनिया, सिबोटियम किंवा लोफोसोरिया यांपैकी एका प्रजातीचं, आणि खवले असतील तर सायथिएसी कुळातलं. अर्धं काम इथेच संपतं.

आता एक खवला अलगद काढून उजेडात धरा, ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. मधल्या आणि कडेच्या पेशी सारख्याच दिसल्या तर स्फेरोप्टेरिस. कडेला वेगळ्या पेशींची किनार असेल आणि टोकाला काळा ताठ केस असेल तर अल्सोफिला, किनार आहे पण टोकाला तो केस नाही तर सायथिया, आणि अमेरिका खंडांत सगळ्यात जास्त जाती याच सायथियाच्या आहेत.

पूर्वी लोक पानामागच्या बीजाणूंच्या ठिपक्यांवर आवरण आहे की नाही यावर फार भर द्यायचे. 1970 मध्ये नेच्यांचे अभ्यासक रोला ट्रायॉन यांनी खवल्यांना महत्त्व देऊन नवी मांडणी केली तरी बिनआवरणाची ट्रिकिप्टेरिस ही प्रजाती वेगळी ठेवलीच होती, पण पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की आवरण वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे नाहीसं झालंय, म्हणून ट्रिकिप्टेरिस आता सायथियातच धरतात. जुन्या पुस्तकात ते नाव दिसलं तर गोंधळू नका. ठिपके कुठे आहेत ते मात्र बघाच, डिक्सोनियात ते पानाच्या अगदी कडेला असतात, सायथियात कडेपासून आत, शिरांवर.

पुढच्या वेळी देठाचं बूड, पानाची मागची बाजू आणि खोडावरचे पान गळल्याचे वण, एवढे तीन फोटो जवळून घ्या. आणि प्लीज, खवल्यासाठी आख्खं कोवळं पान तोडू नका, झाडाला एकच शेंडा असतो.