डायनिमा इतका मजबूत असताना गिर्यारोहणाचा रोप नायलॉनचाच का?

दुकानात तुम्हाला डायनिमाचा (एक कृत्रिम धागा) बारीक दोर दाखवला, नायलॉनपेक्षा हलका आणि मजबूत म्हणून. मग लीड क्लाइंबिंगला (दोर खालून सोबत नेत, वाटेत अडकवत चढायला) तोच का वापरू नये, असं तुम्ही विचारलंय. कृपया वापरू नका. मी बरीच वर्षं सह्याद्रीत चढाई करतोय, नव्या मुलांना रोप हाताळायला शिकवतो. हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि तो जिवाशी येणारा प्रश्न आहे.

मजबुतीबद्दल दुकानदार खरंच बोलला. वजनास वजन धरलं तर डायनिमा पोलादाच्या कितीतरी पुढे आहे. पण पडणाऱ्याला वाचवतं ते दोराचं ताणलं जाणं. हिशेब करून बघा. ८० किलोचा माणूस २ मीटर पडला आणि दोराने १ मीटर ताणून त्याला थांबवलं, तर सरासरी हिसका सुमारे २४० किलोचा. तोच दोर १० सेंटिमीटरच ताणला गेला, तर जवळजवळ १७०० किलोचा! दोर टिकेल हो, पण तुमची कंबर, मणका, कातळातला बोल्ट? नायलॉनचा डायनॅमिक रोप फॉलमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास ताणला जातो. डायनिमाचा धागा तुटेपर्यंत जेमतेम ३-४ टक्के.

दुसरं, उष्णता. डायनिमा म्हणजे शेवटी पॉलिथिलिनच, दुधाच्या पिशवीच्या कुळातलं. फरक इतकाच की रेणू प्रचंड लांब आणि सगळे एकाच दिशेला ओढून बसवलेले. ताकद येते ती तिथून. पण १५० अंशांच्या आसपास तो वितळतो. नायलॉन २०० च्या पुढे तग धरतो. रोप घासत सरकला की उष्णता होते, म्हणून स्लिंगमधून (अडकवायच्या पट्टीच्या फासातून) रोप थेट ओवू नका, मध्ये कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) हवाच. डायनिमाची स्लिंग बोटांत चोळून पाहा: पांढरी, मेणचट, निसरडी. तिला रंग धरत नाही, काठाचा रंगीत धागा वेगळा असतो. याच निसरडेपणामुळे गाठही सरकते.

मग केव्हलार, हा दुसरा मजबूत धागा? तो वितळत नाही. ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये तो शोधला. धाग्यासाठी केलेलं द्रावण इतकं गढूळ होतं की यंत्रावरचा माणूस त्याचे धागे काढायला तयार नव्हता. इंटरनेटची ऑप्टिकल केबल सोलली की जे पिवळे धागे दिसतात, ते याच कुळातले. पण तोही ताणत नाही, आणि पुन्हा पुन्हा दुमडला की आतून कमजोर होतो.

डायनिमाची खरी जागा जिथे दोर ताणून लांबायला नकोच असतो तिथे: जहाज धक्क्याला बांधायचे दोर (पाण्यावर तरंगतात), बुलेटप्रूफ जॅकेट, आणि आपल्या चढाईत अँकरच्या (कातळातल्या पक्क्या आधाराच्या) स्लिंग. तीही वापरताना एक पाळा. स्लिंगने अँकरला अडकलेले असताना अँकरच्या वर चढू नका, स्लिंग ढिली पडू देऊ नका. तिथून मीटरभर पडलात तरी हिसका मोठा बसतो. स्टान्सवर (थांबायच्या जागी) स्वतःला मुख्य रोपानेच क्लोव्ह हिच ही गाठ घालून बांधून घ्या. तो नायलॉनचा आहे, थोडा तरी ताणेल.