डॉल्बीचं गाणं गल्लीतच राहतं, मग धडधड घरापर्यंत कशी येते?

तुमचा प्रश्न असा आहे: आवाजाची लहर म्हणजे नेमकं काय, आणि विसर्जनाच्या रात्री तीन गल्ल्या पलीकडं लागलेल्या डॉल्बीतलं गाणं ओळखू येत नाही, पण धडधड मात्र उशीत डोकं खुपसलं तरी येते, ती का? दुसरा भाग तुम्ही जाता जाता विचारल्यासारखा लिहिलाय. मला विचाराल तर खरा प्रश्न तोच आहे.

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो. वडिलांचा मंगळवार पेठेत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि फिरून त्याच दुकानात येऊन बसलो. त्यामुळं थोडं पुस्तकातलं आणि थोडं खांबावर चढून कर्णे बांधताना शिकलेलं, असं मिसळून सांगतोय. (डॉल्बी हे खरं तर एका कंपनीचं नाव. पण कोल्हापुरात भिंतीएवढ्या स्पीकरला दुसरा शब्दच नाही, तेव्हा मीही तोच वापरतो.)

हलगीपासून सुरुवात करू. वाजवणारा आधी कागद पेटवून हलगी शेकतो, कातडं ताणलं जातं, मग टिपरू पडलं की ते कडक वाजतं. त्याच कातड्यावर चार चिरमुरे टाका आणि कडेला हळूच टिचकी मारा. चिरमुरे उड्या मारतील. म्हणजे कातडं पुढं-मागं हलतंय. पुढं आलं की समोरची हवा दाबली जाते, मागं गेलं की तिथं हवा विरळ होते. दाबलेली हवा शेजारच्या हवेला दाबते, ती तिच्या पुढच्या हवेला. पुस्तकात याला संपीडन आणि विरलन म्हणतात. शब्द जड आहेत, प्रकार साधा आहे.

इथं बहुतेकांच्या डोक्यात तळ्यात दगड टाकल्यावरचे गोल तरंग येतात. माझ्या मते ते चित्र निम्मं फसवं आहे. तिथं पाणी वर-खाली होताना दिसतं आणि तरंग आडवा पुढं जातो. हवेतल्या आवाजात तसं वर-खाली काही नसतं. त्यापेक्षा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभं राहिल्याचं आठवा. मागून कुणीतरी रेटा देतं, तो एकाकडून दुसऱ्याकडं जात पार पुढच्या माणसापर्यंत पोचतो. माणसं मात्र आपापल्या जागी, जेमतेम वीतभर हललेली. पुढं गेला तो रेटा, माणूस नव्हे. आणि ज्या दिशेला रेटा जातो, त्याच दिशेत माणूस मागं-पुढं होतो. फरक इतकाच, की हवा लगेच पूर्वजागी येते, रांगेतला माणूस तेवढा सज्जन नसतो.

हवा किती हलते, याचा आकडा ऐकला की गंमत वाटते. समोरासमोर साधं बोलताना हवेचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे पुढं-मागं सरकतात. हवेचा नेहमीचा दाब सुमारे 1,01,325 पास्कल असतो, बोलण्यानं तो 0.02 पास्कलनं कमी-जास्त होतो. म्हणजे पन्नास लाखांत एक भाग. एवढं आपल्या कानाला कळतं आणि वर आपण म्हणतो, "जरा मोठ्यानं बोल की."

आता वेग. पंचगंगेच्या घाटावर कपडे आपटणारा माणूस लांबून बघा. कपडा दगडावर पडलेला दिसतो, पण आवाज येतो तेव्हा त्याचा हात परत वर गेलेला असतो. अंतर 170 मीटर असेल तर अर्ध्या सेकंदाचा उशीर. 0 अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला 331 मीटर जातो आणि तापमान एका अंशानं वाढलं की साधारण 0.6 मीटर वाढतात. आपल्याकडच्या 25 अंशांच्या संध्याकाळी 346 धरा. हवेचे रेणू मुळातच इकडंतिकडं सरासरी 460-470 मीटरच्या वेगानं धावत असतात आणि रेटा पोचवायचं काम तेच करतात. त्यामुळं आवाज त्यांच्यापेक्षा थोडा हळू असणार आणि हवा तापली, रेणू जोरात धावायला लागले, की तोही वाढणार. मोठ्यानं ओरडलात म्हणून आवाज लवकर पोचत नाही.

या वेगाचं गणित न्यूटननं 1687 मध्ये मांडलं आणि उत्तर सुमारे 15 टक्के कमी आलं. न्यूटनचं चुकलं ते असं: हवा दाबली तरी तिचं तापमान तेच राहतं, असं त्यानं धरलं. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दोन-चार जोरदार दट्टे मारा, पंप गरम लागतो. भराभर दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा जास्त जोरानं उलट ढकलते. आवाजात हे दाबणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा चालतं, उष्णतेला निसटायला सवड कुठली? ही दुरुस्ती फ्रेंच गणिती लाप्लासनं 1816 मध्ये केली आणि आकडा जुळला. इतक्या मोठ्या माणसाची चूक पंक्चरवाल्याच्या पंपानं समजते, हे मला कॉलेजात फार आवडलं होतं.

या वेगानं माझी स्वतःची फजिती केलीय. धंद्यात नवा होतो. एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता, स्टेजजवळ दोन कर्णे आणि मागच्या लोकांसाठी 70 मीटरवर आणखी दोन. वायरमधून सिग्नल चारही कर्ण्यांना एकदमच पोचतो. मागच्या माणसाला शेजारचा कर्णा लगेच ऐकू येई आणि स्टेजजवळचा 0.2 सेकंदानं. पाहुणे म्हणाले "बंधू-भगिनींनो", मागं ऐकू आलं "बंधू-बंधू-भगिनी-भगिनींनो". पोरं हसायला लागली, पाहुणे बावचळले. वडिलांनी येऊन मागचे कर्णे आणखी मागं तोंड करून वळवले, पुढच्यांचा आवाज उतरवला आणि वेळ निभावली. आता मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरला 200 मिलिसेकंदांचा डिले टाकला की झालं. दुपारच्या 33 अंशांतून रात्रीच्या 20 अंशांवर तापमान आलं तरी एवढ्या अंतरात पाचेक मिलिसेकंदांचाच फरक पडतो, त्यासाठी कुणी परत हात लावत नाही.

पाण्याचं थोडक्यात. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांनी हा खेळ केलाच असेल: एकानं पाण्याखाली दोन दगड आपटायचे, दुसऱ्यानं बुडी मारून ऐकायचं. आवाज डोक्यातच झाल्यासारखा येतो, कुठून आला ते कळत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला 1480 मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला लागणारा जो किंचित वेळ मेंदू दिशा ओळखायला वापरतो, तोच पाव होऊन जातो. 1826 मध्ये कोलादों आणि स्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवून हा वेग मोजला होता, थंड पाण्यात 1435 मीटर.

आणि एक गैरसमज इथंच काढून टाकतो, कारण कितीतरी गाईडांत छापलेला असतो: "पदार्थ जेवढा दाट तेवढा आवाज वेगात." चूक. नुसता जडपणा आवाजाला मंद करतो. पाणी हवेपेक्षा आठशे पट जड आहे खरं, पण दाबायला ते पंधरा हजार पटींनी कठीण आहे, म्हणून वेग वाढतो. शिसं लोखंडापेक्षा जड, पण मऊ. त्यात आवाज लोखंडापेक्षा कितीतरी हळू जातो.

आता धडधडीकडं येऊ. गाण्यातला प्रत्येक सूर एकाच वेगानं येतो, पण त्याची लांबी वेगळी असते. एका दाबापासून पुढच्या दाबापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी, वेगाला कंपनसंख्येनं भागलं की ती मिळते. बेसचा, म्हणजे जाड सुराचा, 50 हर्ट्झचा (सेकंदाला 50 कंपनं) ठोका घ्या: 346 भागिले 50, म्हणजे जवळजवळ 7 मीटर. झांजेची 8000 हर्ट्झची किणकिण जेमतेम 4 सेंटिमीटर. आपल्या पेठांतली गल्ली किती रुंद? चार-सहा मीटर. सात मीटरच्या लहरीला घराचा कोपरा हा अडथळाच वाटत नाही, ती वळसा घालून पुढं येते. चार सेंटिमीटरच्या लहरीला तोच कोपरा म्हणजे डोंगर, मागं सावली पडते. बोलण्यातले शब्द आपण ओळखतो ते बरेचसे स, श, ट, क असल्या बारीक व्यंजनांवरून, आणि नेमकी तीच कोपऱ्यावर अडकतात. म्हणून गाणं कळत नाही.

दुसरं कारण भिंत. भिंतीतून आवाज येतो म्हणजे भिंत स्वतः हलते. जड भिंत सेकंदाला चार हजार वेळा हलवणं हवेला जमत नाही, पन्नास वेळा हलवणं त्या मानानं सोपं. शिवाय लांबच्या प्रवासात बारीक आवाज हवाच खाऊन टाकते, बेसला ती हातही लावत नाही. जवळ पडलेली वीज कडाडते आणि लांबची नुसती गुरगुरते, त्यातही याचा वाटा आहे. (गुरगुर लांबते त्याचं कारण वेगळं: विजेची रेघ स्वतःच काही किलोमीटर लांबीची असते, तिच्या प्रत्येक भागाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो.)

तिसरं, गल्ली. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) उतरतो, कारण तीच ऊर्जा चौपट जागेवर पसरते. गल्लीत दोन्हीकडच्या भिंती पसरू देत नाहीत, आवाज नळातून आल्यासारखा पुढं येतो.

डेसिबलबद्दल मंडळाच्या पोरांशी माझा दरवर्षी वाद होतो. "काका, यंदा डबल भिंत लावायची, डबल आवाज." बाबा रे, दुप्पट स्पीकर म्हणजे दुप्पट ऊर्जा, म्हणजे फक्त 3 डेसिबल जास्त. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ऊर्जा. भाडं दुप्पट होतं, आवाज नाही. नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकरच्या भिंतीजवळ 105 असेल, तर ती दिवसाच्या मर्यादेपेक्षा एक लाख पट ऊर्जा झाली. हे सांगितलं की पोरं म्हणतात, "नाद खुळा!" माझा सांगायचा हेतू तो नसतो.

रात्री आवाज जास्त लांब जातो, हाही नुसता शांततेचा भास नाही. थंडीत पहाटे रंकाळ्यावर फिरायला जा. पलीकडच्या काठावरचं बोलणं कधी कधी शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. पाण्यालगतची हवा गार, वरची त्यापेक्षा उबदार. लेझीमची रांग वळताना बाहेरच्या टोकाची पोरं भरभर चालतात आणि आतली हळू, मग अख्खी रांग आतल्या बाजूला वळते. तसंच इथं. लहरीचा वरचा भाग उबदार हवेत पुढं पळतो, खालचा रेंगाळतो आणि वर निघालेला आवाज परत खाली वाकतो. दुपारी उलटं होतं, तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळून निघून जातो.

मग तुम्ही झोपायचं कसं? खिडक्या लावून झांज आणि गाणं कमी होईल, बेस फारसा नाही. कापूस घातलात तरी तेच. पण एक करून बघा. खोली साडेतीन मीटरच्या आसपास लांब असेल तर 50 हर्ट्झची निम्मी लहर तिच्यात बरोबर बसते. तेव्हा समोरासमोरच्या दोन भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त बदलतो आणि मधोमध सगळ्यात कमी. उशी बहुतेकांची भिंतीलाच टेकलेली असते. गेल्या वर्षी मी पलंग ओढून उशी खोलीच्या मध्यावर आणली, धडधड स्पष्ट उतरली. मांडणीवरची पितळी भांडी तेवढी पहाटेपर्यंत वाजत राहिली, शेवटी उठून त्यांच्यामध्ये फडकी कोंबली.