गूगल शीट्समधला हिशेब पेन ड्राइव्हवर नेताना

ताई, काळजी करू नका. तुमचा पेन ड्राइव्ह चांगला आहे आणि हिशेबही कुठे गेलेला नाही. मनीषनगरच्या तुमच्या सोसायटीचा वर्षभराचा मेंटेनन्सचा हिशेब गूगल शीट्समध्ये आहे. लॅपटॉपवरच्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून तुम्ही तो पेन ड्राइव्हवर कॉपी केला आणि ऑडिटरकडे तो उघडलाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. साइज जेमतेम एखाद-दोन केबी दिसेल. बारा महिन्यांच्या नोंदी एवढ्यात मावतील का? 'जीशीट' किंवा 'जीडॉक' असं शेपूट असलेली फाइल म्हणजे नुसती पत्त्याची चिठ्ठी आहे. हिशेब गूगलच्या सर्व्हरवरच राहतो. तुमच्या खात्यात लॉगिन नसलेल्या कॉम्प्युटरवर ती चिठ्ठी काही कामाची नाही. शीट 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवली तरी ती तुमच्याच ब्राउझरपुरती असते, दुसऱ्याला देता येत नाही.

खरी प्रत हवी तर शीट ब्राउझरमध्ये उघडा, 'फाइल' मेनूत 'डाउनलोड' आणि तिथे 'मायक्रोसॉफ्ट एक्सेल' निवडा. एक्सएलएसएक्स फाइल मिळेल, ती बहुतेक डाउनलोड्स फोल्डरमध्ये सापडेल. सापडली नाही तर कंट्रोल आणि जे दाबा. ऑडिटरकडे एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम असेल तर त्याची ओडीएस फाइलही चालेल. मोबाइलवरून करायचं असेल तर तीन टिंबांच्या मेनूत 'शेअर आणि एक्सपोर्ट'मध्ये हाच पर्याय आहे. सभेची इतिवृत्तं गूगल डॉक्समध्ये आहेत म्हणालात, त्यांनाही हाच रस्ता, फक्त तिथे वर्ड निवडायचं.

त्याच 'डाउनलोड' यादीतली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल, मात्र घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. त्यात फक्त समोर उघडा असलेला टॅब उतरतो. तुम्ही एप्रिल, मे, जून असे वेगवेगळे टॅब केले असतील तर अकरा महिने मागेच राहतील आणि सूत्रांच्या जागी नुसते आकडे येतील. शिवाय ती फाइल एक्सेलमध्ये थेट डबल क्लिकने उघडली की सभासदांची मराठी नावं बऱ्याचदा चित्रविचित्र चिन्हांची होतात. ऑडिटरने सीएसव्हीच मागितली तर त्यांना एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' वापरायला आणि यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडायला सांगा, नावं नीट दिसतील.

एक्सएलएसएक्समध्ये सगळे टॅब येतात. बेरजा, सम-इफ, व्ही-लुकअप अशी सूत्रं जशीच्या तशी चालतात. पण इम्पोर्टरेंज हे सूत्र लावून दुसऱ्या शीटमधून आकडे ओढले असतील तर डाउनलोडच्या वेळचे आकडे तिथेच गोठतात, पुढे बदलत नाहीत. व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे बदलांची नोंद, तर उतरतच नाही. कोणती नोंद कोणी कधी बदलली, हा प्रश्न सभेत निघाला तर ऑनलाइन शीटच उघडावी लागेल, म्हणून डाउनलोड झालं की मूळ शीट उडवून टाकू नका.

इतिवृत्तांच्या बाबतीत फॉन्टचं बघा. डॉक्समध्ये मुक्ता किंवा बलू वापरला असेल आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो नसेल तर वर्ड दुसरा फॉन्ट लावतं, ओळी सरकतात, सह्यांची जागा पुढच्या पानावर जाते. म्हणून वर्डसोबत पीडीएफही काढा. तिच्यात फॉन्ट आतच येतो.

सगळं एकदम हवं असेल तर ड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून 'डाउनलोड' करा. झिप मिळते आणि आतल्या शीट्स, डॉक्स आपोआप एक्सेल, वर्ड होऊन येतात. हे काम ३१ मार्चनंतर लगेच उरकून टाका. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यातल्या उन्हात लाइट कधी जाईल, वायफाय कधी बंद पडेल, याचा भरवसा नाही. देण्याआधी लॅपटॉपचं वायफाय बंद करून पेन ड्राइव्हवरची फाइल उघडून बघा. टॅब मोजा, शेवटची शिल्लक जुळवा.

अजून एक गोष्ट तपासाच. शीट कोणाच्या खात्यात आहे? आधीच्या सेक्रेटरींनी बनवली असेल आणि तुम्हाला नुसती बघायची परवानगी असेल, तर त्यांनी डाउनलोड बंद ठेवल्यास तो पर्याय तुम्हाला चालणारच नाही. त्यांना फोन करा आणि मालकी सोसायटीच्या जीमेल खात्याकडे द्यायला सांगा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल आतल्या फाइलींसकट काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तो नियम लागू आहे. ते गृहस्थ मुलाकडे पुण्याला वगैरे राहायला गेले असतील तर हा फोन आजच लावा.